वहिवाटीचा कागद

यॉर्कशायर, इंग्लंड
१८ मे २०२५

चि. श्रीधर यास बळीरामचा आशीर्वाद. घेतलास तर तुझा, नाही तर परत पाठव, मले चालते.

सहा वर्षांनी तुले पत्र लिहून राहिलो. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते सरळ चुलीत टाकशील, असं मनात येते. टाकायच्या आधी एक पान तरी वाच. फोन काहून नाही केला म्हणशील, तर फोन तू उचलणार नाहीस, अन् उचललास तर दोन वाक्यांत आपलं जुंपते. कागदावर माणूस मधात बोलत नाही, एवढं बरं आहे.

पाच तारखेपासून हर्षाकडे आहे. तुले कळलंच असेल, तुझ्या तुळसाबाईपासून गावात काही लपून राहत नाही. माझ्या बायपासनंतर पोरीनं हट्टच धरला, की बाबा, नागपुरात बेशाच्या घरात एकटे भिंती पाहत बसू नका, उन्हाळाभर इकडे या. जावई ऋषिकेश शहरात नोकरीले जातो, पण राहतात एका खेड्यात. खेडं म्हणजे चाळीस घरं, एक चर्च, एक दारूचं दुकान. त्या दुकानात बायापोरं घेऊन लोक जेवायले जातात बाप्पा! काय काय पाहायचं याची यादीच हर्षानं फ्रिजवर चिकटवून ठेवली आहे. कोळशाची आगगाडी, कालव्यातली नाव, धबधबा, चीजचा कारखाना. मी म्हटलं, पोरी, मी कास्तकाराचा पोरगा, मले आधी वावरं दाखव.

पहिल्या दिवशी सकाळी पडदा सारला, तर चार मेंढ्या भिंतीपलीकडून माझ्याकडे पाहून राहिल्या होत्या, तलाठी मोजणीले आल्यासारख्या. मी बाजूले झालो तर त्याही सरकल्या. चहा पिऊन झाला तरी त्यांचा पंचनामा चालूच होता.

आता ज्याच्यासाठी लिहायले बसलो ते सांगतो. मागच्या रविवारी हर्षा म्हणे, चला बाबा फिरायले. मी म्हटलं, सडकेनं? म्हणे, नाही, वावरातून. कोणाच्या? तर म्हणे, असेल कोणाचं तरी. माझे पाय तिथंच थांबले. न विचारता दुसऱ्याच्या वावरात? पोरी, मार खायचा आहे काय वं? तर तिनं लाकडाचा एक खांब दाखवला. त्याच्यावर बाण, अन् 'सगळ्यांची पायवाट' असं लिहिलेलं. दगडाच्या भिंतीत पायऱ्याच बसवून ठेवल्या आहेत चढून जायले. चढलो, उतरलो, उभ्या गवतातून चालून राहिलो, अन् समोरून मालकच आला, सोबत कुत्रं. मी हात जोडून दोन-तीनदा सॉरी म्हणून टाकलं. तो थांबला, हर्षाशी बोलला, हात हालवून निघून गेला. मी विचारलं, शिव्या दिल्या का? तर म्हणे, नाही बाबा, ते म्हणाले पुढं चिखल आहे, डाव्या अंगानं जा, आजोबांचे बूट खराब होतील.

मी तिथंच एका दगडावर बसलो. हर्षाले वाटलं छातीत दुखते. दुखतच होतं, पण गोळी घेऊन थांबणारं नव्हतं. मले तुझी बैलांची बंडी दिसली श्रीधर. बाबांनी वाटणी केली तेव्हा सडकेकडचे चार एकर मले, मागचे चार एकर अन् संत्र्याचा बगीचा तुले, अन् माझ्या बांधा-धुऱ्यानं जाणारी बंडीची वाट दोघांची. ते तोंडी बोलले, कागद केला नाही. तुझ्या ट्रॉलीनं माझ्या ड्रिपच्या नळ्या फोडल्या, मी चारचौघांत तुले बोललो, तू उलटून बोललास, अन् आठ दिवसांत मी वाटेवर तार ठोकली. 'आता उडत जा तुझ्या वावरात,' असं म्हटलं होतं. अख्ख्या गावानं ऐकलं.

मी चुकलो. हे लिहायले मले चार दिवस अन् अर्धी वही लागली. सप्टेंबरच्या शेवटी परत येतो. तोवर दोन ओळी लिहिशील? बगीचा कसा आहे?

बळीराम


लकडगंज, नागपूर
३ जून २०२५

श्री. बळीरामजी यांस सप्रेम नमस्कार.

आपले पत्र गावाहून फिरत फिरत काल येथे मिळाले. सध्या मुक्काम आमच्या सरिताकडे आहे. मोतीबिंदूचे ऑपरेशन करून घेतले, जावई काही दिवस हलू देत नाहीत. यापुढे काही कळवायचे असल्यास याच पत्त्यावर कळवावे. गावी पाठवू नये.

पत्र चुलीत टाकले नाही. येथे चूल नाही, गॅस आहे.

उत्तर देऊ नये असे सौ.चे मत होते. तिने पत्र वाचून दाखवायला घेतले तेच मुळी रागाने. मेंढ्यांपाशी तिला हसू फुटले, आणि मग हसवल्याबद्दल माझ्यावरच चिडली. पुढचे तिला वाचवले नाही. ते मी वाचले.

बगीचा ठीक आहे. झाडे ताणावर आहेत, पाणी तोडले आहे.

वाटेविषयी मी काही लिहीत नाही. सहा वर्षे झाली. आपण चुकलो असे आपण लिहिले, ते मी वाचले, एवढेच कळवतो.

छातीला जपावे. थंडीत सकाळी फिरू नये. पुढे लिहिलेत तर वाचीन.

श्रीधर


यॉर्कशायर
१७ जून २०२५

चि. श्रीधर,

'कळवावे', 'जपावे' वाचून मले वाटलं कलेक्टर ऑफिसातून नोटीसच आली. पण आली! पाकीट घेऊन मी अंगणात नाचलो म्हणावं तर खोटं होईल, पण हर्षा म्हणते बाबा त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. गावच्या पत्त्यावर लिहू नको म्हणतोस ते मले समजलं. तिथं पोस्टमन पत्र हातात द्यायच्या आधी चावडीवर सांगते. आपल्या दोघांचं काय चाललं ते गावाले कायले पाहिजे? बरोबर केलंस.

तुळसाबाईले सांग, मेंढ्या आता ओळखीच्या झाल्या. बाकी यादीतलं बरंच पाहून झालं. कालव्यातल्या नावेत बसलो. ती इतकी हळू जाते, की काठावरची म्हातारी कुत्रं घेऊन आमच्या पुढं निघून गेली. कालवा उंचावर चढते तिथं दोन फाटकांच्या मधात नाव घेतात, फाटक लावतात, पाणी भरतात, अन् नाव आपोआप वर येते. फाटक लोटायले मीही पाठ लावली. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं फायली लोटल्या, पाणी असं चढवलेलं कधी पाहिलं नाही. मग चहा. चहासोबत एक पदार्थ देतात, ना पाव ना बिस्कीट, त्याच्यावर साय अन् मुरब्बा. साय आधी की मुरब्बा आधी याच्यावरून इथं दोन पार्ट्या आहेत म्हणे. म्हटलं, भांडायले माणसाले काहीही पुरते.

वावरं मात्र पाहत राहावीत अशी. गवतात पिवळी, जांभळी फुलं गुडघ्याएवढी, अन् जुलै लागेपर्यंत कोणी कापत नाही. मी आता रोज एकटाच त्या पायवाटेनं जातो. त्या मालकाचं नाव ॲलन. माझ्याच वयाचा, त्याचीही बायको नाही. मले त्याचं अर्धं समजते, त्याले माझं काहीच नाही, तरी आम्ही भिंतीवर बसतो. एक दिवस हर्षाले सोबत नेलं अन् विचारायले लावलं, की तुमच्या गवतातून गाव चालते, तुम्ही वाट बंद काहून नाही करत? तो हसला नाही. म्हणे, माझ्या बापानं केली होती. कोणाशी तरी वाजलं, अन् त्यानं फाटकाले कुलूप लावलं. तर गावातल्या चार-पाच बाया दर रविवारी येऊन त्या कुलपासमोर उभ्या राहायच्या. बोलायच्या नाहीत, शिव्या नाहीत, काही नाही. पाचव्या रविवारी बाप उठला अन् कुलूप काढून आला.

मी रातभर तेच घोकलं. आपल्या गावात माझ्या तारेसमोर कोणी उभं राहिलं नाही श्रीधर. सगळे माझ्या घरी चहाले येऊन बसले. 'बरोबर केलं भाऊ, त्याले सरळ केलंच पाहिजे होतं' असं म्हणाले, अन् मले ते गोड लागलं. कोणी तरी एकानं मले शरम आणायले पाहिजे होती. तुझी वहिनी असती तर तिनं आणली असती.

एक विचारू? सहा वर्षांत विचारलं नाही. संत्री बाहेर कशी काढतोस?

अन् ताण चाळीस दिवसांवर नेऊ नको. पाऊस लांबला तर हलकं ओलित कर, पानं वळली की झाड दुखावते. विहिरीकडच्या ओळीवर लक्ष ठेव, तिथं जमीन पातळ आहे. तू मले शिकवायचा तो माणूस, अन् मी तुले सांगून राहिलो. हस.

बळीराम


लकडगंज
४ जुलै २०२५

बळीरामजी,

पत्र मिळाले. सौ.ने दोनदा वाचले. साय आणि मुरब्ब्याचे सरिताच्या मुलांना सांगितले, तर आता रोज विचारतात, आजोबा, तुमच्या भावाने आज काय खाल्ले. त्यांना आजवर माहीत नव्हते की आजोबाला भाऊ आहे. मी सांगितले नव्हते.

तुम्ही विचारले म्हणून लिहितो. संत्री बाहेर काढत होतो ती शेजारच्या बापूरावांच्या धुऱ्यावरून. बंडी जात नाही, माणूस जेमतेम जातो. क्रेट डोक्यावर घेऊन सडकेपर्यंत आठशे पावले. पहिल्या वर्षी मजूर आले. दुसऱ्या वर्षी दुप्पट मजुरी मागू लागले, तेव्हा मी आणि सौ. दोघांनीच ओढली. तिची मान तेव्हापासून दुखते. व्यापारी बगीचा पाहायला यायचा, वाट पाहून परत जायचा. म्हणायचा, श्रीधरभाऊ, माल एक नंबर आहे, पण गाडी कुठे लावू? चौथ्या वर्षी तो यायचा बंद झाला. आंबे बहाराची फळे झाडाखालीच पडली. वास सडकेपर्यंत यायचा. तुमच्या वावरातही आला असेल.

हे तुम्हाला दुखवायला लिहीत नाही. तुम्ही विचारले.

पाऊस चांगला आहे. मृग बहाराची फुले दिसू लागतील. विहिरीकडच्या ओळीवर लक्ष आहे.

तुमच्या ॲलनची गोष्ट सौ.ने तिच्या बहिणीला फोनवर सांगितली. मला एक समजले नाही. भिंतीतल्या त्या पायऱ्यांवरून माणूस चढून जातो, पण बंडी कशी जात असेल?

यादीतली आगगाडी पाहिली का? ते लिहा. संध्याकाळी येथे करमत नाही.

श्रीधर


यॉर्कशायर
२० जुलै २०२५

श्रीधर,

आठशे पावलं. मी इथं ॲलनच्या वावरात मोजली. आठशे पावलांत त्याचं घर येते, अन् मी हातात नुसती काठी घेऊन चाललो तरी दम लागला. तुळसाबाईच्या डोक्यावर क्रेट होतं. हो, वास येत होता. माझं वावर पाहणाऱ्या धोंडबाले मी म्हटलं होतं, की पाहा, याची कास्तकारी सडून राहिली. असं म्हटलं होतं मी. माझ्या जिभेले हाड नव्हतं अन् छातीत काळीजही नव्हतं.

बंडीचं विचारलंस ते एकदम बरोबर. कास्तकारच असं विचारते. ॲलननं हाताले धरून दाखवलं. पायी माणसाची वाट वेगळी, तिथं पायऱ्या. घोड्या-गाड्याची वाट वेगळी, रुंद, तिले फाटक, अन् नियम एकच, की जो उघडेल त्यानं लावून जायचं. बस. एवढ्यावर यांचं शेकडो वर्षं चाललं.

आगगाडी पाहिली. डब्यात लाकडी बाकं, अन् टीसी मिशीवाला, तोही फुकट काम करते, हौस म्हणून. स्ट्रॉबेरीच्या वावरातही गेलो. टोपली घ्यायची, आपणच तोडायची, खाता खाता तोडली तरी कोणी बोलत नाही. मी तोडली नाही फार. ओळीत वाकलेली माणसं पाहिली की मले आपला बगीचा दिसते, बाबा शिडी धरून उभे, अन् तू वर चढून माझ्या डोक्यावर फळं टाकून राहिला. आठवते?

आता पाकिटातला दुसरा कागद पाहा. मी लिहून दिलं आहे, की माझ्या चार एकरांतून, उत्तरेच्या धुऱ्यालगत, सडकेपासून तुझ्या वावरापर्यंत दहा फुटांचा बंडीचा रस्ता तुले अन् तुझ्यामागं तुझ्या वारसांले कायमचा. साक्षीदार म्हणून हर्षा अन् ऋषिकेश दोघांच्या सह्या घेतल्या, म्हणजे माझ्यामागं माझ्याच घरचं कोणी आडवं येणार नाही. आल्यावर रजिस्टर करून देतो. तोवर हा कागद तलाठ्याले दाखव, व्यापाऱ्याले दाखव, चावडीवर चिकटव, मले काही वाटणार नाही. बाबांनी जे तोंडी सांगितलं ते त्यांच्या मोठ्या पोरानं कागदावर आणायले पंचवीस वर्षं लावली.

तार मात्र धोंडबाले काढायले सांगत नाही. माझ्या हातानं ठोकली होती, मीच येऊन काढीन. पक्कड तू धर. सप्टेंबरच्या शेवटी मृगाची फळं लिंबाएवढी झाली असतील. आपण दोघं बगीच्यात बसू. मले दुसरं काही नको श्रीधर. मले माझा भाऊ पाहिजे.

एवढ्यात मले 'दादा' नाही म्हटलंस तरी चालेल. मी वाट पाहीन.

बळीराम


लकडगंज
८ ऑगस्ट २०२५

दादा,

कागद परत पाठवून राहिलो. रागानं नाही. पुढचं शांतपणे वाचा, अन् हर्षाले जवळ बसवून वाचा.

माझं वावर राहिलं नाही. फेब्रुवारीत इसार झाला, पाडव्याले रजिस्ट्री. मागच्या बाजूनं ज्याचं प्लॉटचं लेआउट येऊन राहिलं होतं, त्यानंच घेतलं. बगीचा होळीच्या आधीच्या मंगळवारी पाडला. एकशे ऐंशी झाडं. तुम्ही इंग्लंडले गेले तेव्हा तिथं मुरूम टाकून झाला होता. गावचं घरही बंद केलं. मोतीबिंदू नाही, ऑपरेशन नाही. आता आम्ही सरिताकडेच राहतो.

मी तुम्हाले दोनदा खोटं लिहिलं. झाडं ताणावर नव्हती, झाडंच नव्हती. पहिल्याच उत्तरात सगळं लिहून टाकणार होतो, कडक शब्दांत, तुमची झोप उडेल असं. पण तुळसा मेंढ्यांवर हसली. दादा, ती मार्चपासून हसली नव्हती. म्हटलं, एक पत्र अजून येऊ द्यावं, मग सांगू. दुसरं आलं, त्यात तुम्ही विहिरीकडच्या ओळीचं लिहिलं. ती ओळ तुम्हाले अजून ठाऊक आहे हे पाहून मले बरं वाटलं, अन् मी लिहून टाकलं की लक्ष आहे. लिहिताना घडीभर खरंच झाडं उभी वाटली.

तुमचा कागद आला तेव्हा लेआउटवाल्याचा माणूस समोरच बसला होता, कसल्याशा सह्यांसाठी. तो दर वेळी म्हणते, तुमच्या भावाकडून सडकेपर्यंत नुसता लेखी रस्ता आणा, आमचे प्लॉट मेन रोडले लागतात, तुमचंही भलं करू. अन् तोच कागद माझ्या हातात होता. वारसांले म्हणून लिहिलेला, साक्षीदारांसकट. मी घडी करून खिशात घातला अन् त्याले चहा दिला. त्याले दाखवला असता तर दहा फुटांचे तीस फूट करायले त्यांना वेळ लागला नसता. तुमचं वावर मधातून चिरलं असतं. बाबांचं तेवढंच राहिलं आहे आता. म्हणून परत पाठवला. फाडून टाका.

सहा वर्षं मी याच कागदाची वाट पाहिली. दर दसऱ्याले सोनं घेऊन बेशाले तुमच्या दारापर्यंत यायचो. आतला लाइट दिसायचा. एकदा तुम्ही खिडकीत दिसले. बेल दाबायची हिंमत झाली नाही, अन् कधी झाली तर अभिमान आडवा यायचा. कागद आला, अन् मले त्याच्यावरून जायले वावरच नाही.

मले तुमचा राग नाही असं लिहिलं असतं तर तुम्हाले बरं वाटलं असतं. पण राग आहे. तुमचं पत्र वाचत असलो की तो राहत नाही. पत्र ठेवलं की परत येते.

श्रीधर


यॉर्कशायर
२२ ऑगस्ट २०२५

श्रीधर,

तू म्हटलंस तसं हर्षाले जवळ बसवून वाचलं. ती रडली. मी रडलो नाही, मी उठून बूट घातले अन् वाट फुटेल तिकडे चाललो. ऋषिकेशनं गाडी घेऊन शोधून आणलं.

मले हे कोणी सांगितलं नाही, कारण मीच सांगू दिलं नाही. धोंडबाले ताकीद होती, की वावराचा हिशोब सांग, पण श्रीधरचं नाव माझ्यापुढं काढायचं नाही. दिवाळीपासून दुखण्यामुळं मी तिकडं फिरकलो नाही. एकशे ऐंशी झाडं पडली अन् मले बेशात पत्ता नाही.

परवा गावचा मेळावा होता, यादीतला शेवटचा कार्यक्रम. सगळ्यात मोठा भोपळा, सगळ्यात लांब गाजर, त्याले बक्षीस. ॲलननं माझी खुर्ची धरून ठेवली होती. मी गेलो नाही. मले आता इथलं काही पाहायचं नाही.

पण एक गोष्ट मले खाऊन राहिली. होळीच्या आधीचा मंगळवार तू लिहिलास. त्या मंगळवारी सकाळी धोंडबा भाजी घेऊन माझ्याकडे आला होता. म्हणे, श्रीधरभाऊ तुम्हाले वावरात बोलावून राहिले, आत्ताच या म्हणतात. तो पुढं काही सांगत होता, मी तोडलं. मले वाटलं मोजणीचं लचांड असेल, नाही तर सरपंचाले बसवून ठेवलं असेल. मी म्हटलं, सांग त्याले, मले टाइम नाही. अन् मी ऑटो करून सदरच्या बाजारात गेलो. इंग्लंडसाठी स्वेटर घ्यायचा होता. तीन दुकानं फिरलो, रंगच पसंत पडेना.

तो निरोप झाडांचा होता का? की दुसरा काही होता? खरं सांग. मले सांभाळून घेऊ नको. अन् त्या वेळी तिथं तुझ्यासोबत कोण होतं?

तिकीट बदलून घेतलं. बारा सप्टेंबरले नागपूरले उतरतो.

बळीराम


लकडगंज
१ सप्टेंबर २०२५

दादा,

तुळसा म्हणते, खरं लिहू नका. त्यांचं काळीज कापलेलं आहे, एवढ्या दूर आहेत, काही झालं तर आपल्या माथी. 'मोजणीचाच निरोप होता' असं लिहून द्या म्हणते. तसं एक पत्र लिहिलंही होतं. पण मी तुम्हाले दोनदा खोटं लिहून चुकलो, अन् तुम्ही खरं सांग म्हणता. सरितानं हे पत्र कुरियरनं टाकलं, तुम्ही निघायच्या आत पोचावं म्हणून.

निरोप झाडांचाच होता.

नुसता इसार झाला होता. रजिस्ट्री व्हायची होती, मोडता येत होतं. आदल्या रात्री मी अन् तुळसानं ठरवलं, की दादाले एकदा वावरात बोलावू. भांडायले नाही. नुसतं उभं राहून त्यांनी पाहावं, अन् 'श्रीधर, पाडू नको' एवढं म्हणावं. वाट नका देऊ, तारही राहू द्या, पण तेवढं म्हणावं. तुम्ही म्हटलं असतं तर मी इसार परत करणार होतो. वर्षभर पुन्हा डोक्यावर क्रेट ओढू म्हणत होती तुळसा, मान दुखत असताना. तुम्हाले बाबांच्या झाडांसाठी तरी वाईट वाटेल, याची मले खात्री होती. तिच्यापेक्षा मलेच जास्त होती.

सकाळी आठलाच मशीनवाले आले. मी त्यांना बसवून ठेवलं. म्हटलं, घरचं मोठं माणूस यायचं आहे, ते आल्याशिवाय हात लावायचा नाही. दोनदा चहा केला त्यांच्यासाठी. तुळसाले मी घरी ठेवलं होतं, तिले पाहवलं नसतं. सोबत कोण होतं विचारलं, तर कोणी नव्हतं. मी एकटाच तुमच्या तारेपाशी उभा होतो, सडकेकडे पाहत. तिकडून येणारी प्रत्येक ऑटो मले तुमचीच वाटे.

दीड वाजता धोंडबा सायकलवरून आला. तारेपलीकडूनच म्हणाला, भाऊले टाइम नाही. मशीनवाला म्हणे, काका, आता काय करायचं? मी म्हटलं, कर सुरू.

बारा तारखेले तुम्ही येता. विमानतळावर मी येत नाही, मले ते जमणार नाही. पण दुसऱ्या दिवशी लकडगंजले घरी या, जेवायले. तुळसा स्वयंपाक करते म्हणाली, तिनं स्वतःहून म्हटलं. पोरं तुम्हाले पाहायचं म्हणून उड्या मारून राहिली. वावराकडं आधी जाऊ नका. बगीच्याचं माझ्यापाशी काढू नका, माफीचंही नका काढू, मी ती देऊ शकेन असं मले वाटत नाही. मग दोघं समोरासमोर बसून काय बोलू, ते मले सुचून नाही राहिलं.

तरी या.

तुमचा
श्रीधर